मारुतीचं माउंटिंग

आमच्या घरी एक मारुती ८०० आहे. पांढरी, चार गिअरची, एसी नसलेली. बाबांनी ती १९९९ साली घेतली. पाचव्या वेतन आयोगाचे अरियर्स मिळाले होते, थोडं सोसायटीचं कर्ज काढलं, आणि म्हार्दोळच्या आमच्या वाड्यावर मास्तरांच्या दारात गाडी उभी राहिली. त्या दिवशी शेजारच्या बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, बोनेटवर नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी आत गळून काही बिघडेल की काय म्हणून बाबा रात्री बॅटरी घेऊन बोनेटमध्ये डोकावत बसले होते.

त्यांना गाडीचं वेड होतं असं नाही. वेड पेटीचं. पेटी म्हणजे हार्मोनियम. भजन, आरत्या, जत्रेतलं संगीत नाटक, कुठे कुणाला साथ हवी असली की मास्तर हजर. गाडी येण्याआधी पेटी बसच्या टपावर जायची, आणि कंडक्टरने ती वर फेकली की बाबांचा चेहरा पाहवत नसे. तेव्हा गाडी खरं म्हणजे पेटीसाठी घेतली, आम्ही तिच्यासोबतचे प्रवासी. मागच्या सीटवर चौघडी घातलेली गोधडी, तिच्यावर पेटी, आणि पेटीला टेकून मी किंवा माझी बहीण. आई पुढे. ही व्यवस्था आम्ही दोघं कॉलेजात जाईपर्यंत बदलली नाही.

मुद्दा गाडीच्या थरथरीचा आहे.

मारुती ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं. सातशे शहाण्णव सीसी. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, आणि पुढच्या टोकाची झोंबी मागच्या टोकाशी जुळून जाते. तिनाचं तसं नसतं. वर-खालीचं वजन एकमेकांना फेडतं खरं, पण दोन टोकांचे पिस्टन वेगवेगळ्या वेळी ओढ घेत असल्यामुळे इंजिन एखाद्या होडीसारखं टोकाटोकाने झुलत राहतं. ते त्याच्या जन्मातच आहे. म्हणून नवी कोरी मारुतीसुद्धा उभी असताना किंचित गुणगुणायची. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना ते गुणगुणणं हाताच्या तळव्यात आठवत असेल.

आमच्या गाडीचं गुणगुणणं २०११-१२च्या सुमाराला थरथरीवर आलं. बाणस्तारीच्या पुलाआधी वाहनांची रांग लागायची, तिथे गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली की मधला आरसा धूसर व्हायचा. मागे उभी असलेली बस एकाच्या दोन दिसायची. डॅशबोर्डवरचा गणपती हळूहळू सरकत काचेपाशी जायचा. समोरच्या खणाचं झाकण वाजायचं, ते आईने कागदाची घडी घालून गप्प केलं. क्लच सोडून गाडी निघाली की खालून 'धप्' असा एक आवाज, आणि पुन्हा ब्रेक मारून थांबलो की दुसरा 'धप्'. कुणी तरी बोनेटखाली बसून कूस बदलतंय असं वाटायचं.

बाबा म्हणायचे, "जुनी गाडी. हालायचीच."

त्या आधीच्या एका गॅरेजवाल्याकडे (नाव कशाला घेऊ, माणूस वाईट नव्हता) गाडी दोन-तीनदा गेली. पहिल्यांदा त्याने प्लग बदलले. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटर साफ केला. तिसऱ्यांदा क्लचप्लेट गेली म्हणाला आणि तीही बदलली. प्रत्येक वेळी गाडी घरी यायची ती आधीपेक्षा बरी, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तीच. त्यातली गंमत मला नंतर कळली. दर वेळी तो जाता जाता आयडलचा स्क्रू थोडा पिळून द्यायचा. उभ्या गाडीचे इंजिनाचे फेरे वाढले की झटके जवळजवळ येतात आणि थरथर जाणवेनाशी होते. मूळ दुखणं तिथंच. पेट्रोल मात्र जास्त जातं, आणि पाय काढल्यावरही गाडी पुढे ओढत राहते. गोळी देऊन ताप उतरवावा तसा प्रकार.

मग २०१४ साल आलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत मारुती ८००चं उत्पादन कंपनीने बंद केलं. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली होती, म्हणजे तीस वर्षांचा संसार. वर्तमानपत्रात मोठे मोठे लेख आले. बाबांनी ते कापून ठेवले. आणि आमच्या गाडीला पंधरा वर्षं होत असल्यामुळे तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची होती. आरटीओत पासिंगला न्यायची तर असली खुळखुळणारी गाडी कशी न्यायची? चवथ झाली, गणपती पोचवले, आणि मीच गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये घेऊन जायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "कित्याक खर्च?" मी ऐकलं नाही.

हे दुसरं गॅरेज म्हणजे फोंड्याच्या वाटेवर एका आंब्याखाली टाकलेले चार पत्रे. मालक बाबांचा विद्यार्थी. नववीत दोनदा नापास होऊन त्याने शाळेला रामराम ठोकला होता, आणि बाबांना तो अजूनही उभं राहूनच बोलायचा. हातात पाना असला तरी मास्तर आले की पाना पाठीमागे जायचा, जणू सिगरेट आहे. बाबा त्या दिवशी माझ्यासोबत आले होते. गाडी सोपवायची आणि स्वतः लांब राहायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

त्याने गाडी सुरू केली, क्षणभर ऐकलं आणि बंद केली. बोनेट उघडलं. मला म्हणाला, आत बस, हँडब्रेक ओढ, ब्रेकवर पाय घट्ट ठेव, पहिला गिअर घाल आणि क्लच अगदी थोडा सोड, गाडी ओढ घेईल एवढाच. मी तसं केलं. इंजिन एका बाजूने अंग उचलून पुन्हा खाली बसलं. मग रिव्हर्स घालून तसंच. या खेपेला ते दुसऱ्या बाजूला कललं. बोनेटच्या फटीतून मला ते बसल्या जागी दिसत होतं. इंजिन गाडीला बांधलेलं असतं अशी माझी समजूत. हे तर सुटलेल्या म्हशीसारखं हलत होतं.

तो बाबांकडे वळून म्हणाला, "मास्तर, इंजीन बरें आसा. ताचे पांय गेल्यात."

पाय म्हणजे माउंटिंग. काही गॅरेजांत फाउंडेशन म्हणतात, मला तो शब्द जास्त आवडतो, घर बांधल्यासारखा. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर सरळ बोल्टने आवळलेलं नसतं. मधे रबर असतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये भट्टीत चिकटवलेला रबराचा जाड गोळा. एक पट्टी इंजिनाला, दुसरी सांगाड्याला. आमच्या गाडीला अशी तीन. एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला, एक मागे. पहिली दोन वजन पेलतात. मागचं वळसा पेलतं. इंजिन चाकांना पुढे रेटतं तेव्हा चाकंही इंजिनाला उलटं रेटत असतात, ते सगळं त्या मागच्या रबरावर येतं. म्हणून सहसा ते आधी जातं, आणि 'धप्' आवाज बहुधा त्याचाच असतो.

मी काहीच न कळल्यासारखा चेहरा केला असावा, कारण त्याने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे गोधडी होती, पेटीची. म्हणाला, मास्तर पेटी गोधडीवर कां ठेवतात? तेच हे.

हे मला आवडलं. पुढे मी त्याबद्दल वाचलं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिन बहुधा सांगाड्याला जवळजवळ थेटच जोडलेलं असे, आणि माणसं दातओठ एकमेकांवर आपटत प्रवास करत. रबरावर इंजिन तरंगतं ठेवण्याची युक्ती गाजली ती १९३१ साली, अमेरिकेतल्या प्लिमथ गाडीत. तिचं इंजिन चारच सिलिंडरचं, पण आठ सिलिंडरच्या गाडीइतकी गुळगुळीत चालते अशी तिची जाहिरात केली गेली. 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव दिलं होतं त्या युक्तीला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि गाडीच्या तोंडावर पोहणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं. आमच्या मारुतीवर हंस नव्हता, पण रबराचं तत्त्व तेच.

रबर मात्र म्हातारं होतं. इंजिनाची ऊब रोज, वर्षानुवर्षं. त्यात कुठून तरी तेलाचा थेंब गळत असला तर ते फुगतं आणि मऊ पडतं. उलट हवेने आणि उन्हाच्या झळीने कडक होतं, भेगा पडतात. आमच्याकडे त्यात चार महिने पाऊस आणि खारं वारं, तेव्हा लोखंडाच्या पट्टीला गंज चढतो आणि रबर पट्टीपासून सुटायला लागतं. गाडी नुसती उभी ठेवली तरी वय चुकत नाही. आणि हे इतकं हळू होतं, की रोज चालवणाऱ्याला समजत नाही. आजची थरथर कालच्याएवढीच असते.

सुट्या भागांच्या दुकानात दोन प्रकारची माउंटिंगं मिळाली. कंपनीची आणि लोकल. लोकल निम्म्या किमतीला. गॅरेजवाल्याने ती हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिली आणि परत ठेवली. म्हणाला, हे रबर की चप्पल? कडक रबर घातलं तर इंजिन हलणार नाही, पण त्याची सगळी थरथर गाडीच्या अंगात उतरेल. मऊ घातलं तर वर्षभरात बसेल. कंपनीची तिन्ही मिळून हजार-बाराशेच्या आसपास पडली असतील. एकच मागचं बदललं तर चालेल का, असं मी विचारलं (अरियर्सचे दिवस संपले होते). तो म्हणाला, तीन पायांच्या पाटाचा एक पाय नवा केला तर पाट कसा बसेल ते बघ.

काम तसं अर्ध्या दिवसाचं. खरा वेळ गेला तो गंजलेल्या बोल्टांत. रॉकेल सोडून ठेवलं, चहा घेतला, पुन्हा पाना लावला, पुन्हा चहा. इंजिनाचं वजन पेलायला खालून जॅक लावायचा असतो, पण तेलाच्या चेंबरला जॅक सरळ टेकवला तर पत्रा आत जातो. म्हणून मध्ये लाकडाचा ठोकळा. त्याच्याकडचा ठोकळा फणसाचा होता, तेलाने काळा झालेला. जॅक वर घेताना तो एका हाताने इंजिनाला हात लावून होता. इंजिन उचलायचं नाही, म्हणाला, नुसतं आपल्याकडे घ्यायचं. वजन जॅकवर आलं की माउंटिंगचा बोल्ट हाताने फिरतो, तेवढंच.

मागचं माउंटिंग निघालं तेव्हा ते एका वस्तूऐवजी दोन वस्तू झाल्या. पट्टी एका हातात, रबर दुसऱ्या हातात. बाजूचं नव्याशेजारी ठेवून पाहिलं तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खाली बसलेलं. म्हणजे इतकी वर्षं इंजिन हळूहळू खाली येत होतं, आणि त्याच्यासोबत सायलेन्सरचा पाइप, ॲक्सिलरेटरची केबल, रेडिएटरचे होज, सगळं ताणत होतं. सायलेन्सरचा पुढचा जोड तर ढिला झालाच होता. तोही त्याने आवळला.

नवी तिन्ही बसवल्यावर बोल्ट लगेच घट्ट केले नाहीत. हाताने लावले, जॅक काढला, गाडी सुरू केली, थोडी पुढे, थोडी मागे. इंजिनाला आपली बैठक सापडू दे, मग आवळायचं. आधीच आवळलं तर रबर जन्मापासून पिळलेलं राहतं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. शेवटी आयडलचा तो पिळलेला स्क्रू उलटा फिरवून फेरे खाली आणले.

आणि गाडी गप्प झाली. आरशात आंबा एकच दिसत होता. त्याने गिअरच्या दांड्याच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवून दाखवलं. अर्थात ती त्याची नाटकी सवय असणार, पण नाणं पडलं नाही.

फेरी मारायला बाबांनी स्टिअरिंग घेतलं. गॅरेजवाला त्यांच्या बाजूला, मी मागे, पेटीच्या जागी. आम्ही मंगेशीपर्यंत गेलो आणि परत आलो. बाबांना एक सवय होती, गिअर बदलून झाल्यावरही डावा हात दांड्यावरच ठेवायची. गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कना ते बरं नाही असं म्हणतात. पण मास्तरांना कोण सांगणार? हात दांड्यावर सैल पडलेला असायचा, तबल्यावर साथीदाराचा हात सम येईपर्यंत नुसता टेकलेला असतो तसा. इतकी वर्षं तो हात दांड्यासोबत थरथरायचा. मारुतीच्या गिअरचा दांडा खालून सळईने थेट गिअरबॉक्सला जोडलेला, त्यामुळे इंजिन हललं की दांडा हलणार, आणि दांडा हलला की हात.

परत आल्यावर बाबा हात धुवायला नळावर गेले. गॅरेजवाला पुसायचा कपडा हातात घेऊन माझ्याजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "गाडयेचें जालें. मास्तरांलो हात पळयलो?"

मी पाहिला नव्हता.

"दांडो थीर आसलो रे. हात कांपतालो."

मी म्हटलं, वय झालं, अडुसष्ट. तो काही बोलला नाही. कपडा घडी घालत राहिला. मग म्हणाला, "मास्तरांक हांव कसो सांगूं? तूं सांग."

मी सांगितलं नाही. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. गाडीचं पासिंग झालं, आरटीओतल्या माणसाने गाडी बरी ठेवली आहे म्हणून बाबांचं कौतुक केलं. मी मात्र आता पाहू लागलो होतो. वर्तमानपत्र वाचताना डाव्या हातातलं पान फडफडायचं, पंखा बंद असतानाही. चहाचा कप हातात घेतला की हात थांबायचा, ठेवला की सुरू. चालताना डावा हात मागे-पुढे होत नव्हता, अंगाला चिकटल्यासारखा. आणि भजनी मंडळाच्या हिशेबाची वही पाहिली तेव्हा पोटात खड्डा पडला. बाबांचं अक्षर म्हणजे फळ्यावरचं अक्षर, वर्गाच्या शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं. २०१०च्या पानांवर ते तसंच होतं. पुढे पानागणिक बारीक होत गेलेलं. २०१४च्या पानांवर मुंग्यांची रांग.

आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हाका खबर आसा." दोन वर्षं झाली, म्हणाली. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. रात्री कुशीवर वळायला त्रास होतो. त्यांनीच सांगितलं होतं, मुलांना बोलू नको म्हणून.

हे ऐकल्यावर मला बाबांचं ते वाक्य आठवलं. जुनी गाडी, हालायचीच. दोन वर्षं ते गाडी नीट करायला नको म्हणत होते, ते फक्त खर्चासाठी होतं की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या गाडीत सगळ्यांचेच हात थरथरत. आईचा, माझा, गणपतीचा. तिथे त्यांचा हात चारचौघांसारखा होता. ते नवं रबर मी हौसेने आणलं, आणि त्यांना उघडं पाडलं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं. आईला तसं वाटत नव्हतं. ती म्हणायची, बरं झालं, मी एकटी किती दिवस सांभाळणार होते?

जानेवारीत बांबोळीला न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत गेलो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, हात सैल सोडून मनगट फिरवून पाहिलं, बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालायला लावलं. मग कागद पुढे केला, काही तरी लिहा म्हणाल्या. बाबांनी शाळेचं पूर्ण नाव लिहिलं. ओळ सुरू होताना अक्षर जेवढं होतं त्याच्या निम्मं शेवटी उरलं. त्यांनी स्वतःच कागद उलटा करून ठेवला.

कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या वैद्याने १८१७ साली त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यावरून आजाराचं नाव पडलं. मेंदूच्या एका भागातल्या पेशी डोपामिन नावाचं द्रव्य बनवतात, त्या पेशी कमी कमी होत जातात. हात कापतो तो सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा, आणि विशेष म्हणजे हात विसावलेला असताना. कामाला लावला की कंप कमी होतो. म्हणून स्टिअरिंग धरलेला हात स्थिर, आणि दांड्यावर नुसता टेकलेला हात कापता. मी घरी येऊन हिशेब केला. मारुतीचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साडेआठशे फेरे घेतं, दर दोन फेऱ्यांत तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला एकवीस. एकविसात पाच लपून गेले होते.

असले हिशेब माणूस का करतो कोण जाणे. दुसरं काही हातात नसतं म्हणून असेल.

औषध सुरू झालं. त्यातलं मुख्य द्रव्य, लेवोडोपा, आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही असतं. हे बाबांना कळलं तेव्हा ते खूप हसले. त्यांच्या खुर्चीवर पोरांनी एकदा खाजकुयली टाकली होती, म्हणाले, तेव्हा छड्या मारल्या, आता त्यांना बोलावून आभार मानायला हवेत. (बिया आणून कुटून खायच्या नादाला कुणी लागू नये, डॉक्टरांनी त्याच दिवशी बजावलं होतं. मात्रा चुकली तर त्रास होतो.) औषधाने पहिली दोन-तीन वर्षं चांगली गेली. हात मोकळा झाला. पेटीवर उजव्या हाताच्या ताना मात्र पूर्वीच्या राहिल्या नाहीत. मंडळात सगळे म्हणत होते मास्तर हल्ली विलंबितात रमतात. रमत नव्हते. पण दाद मिळायची आणि ते घ्यायचे.

गाडीचं काय करायचं हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच बंद करा म्हटलं नव्हतं. लक्ष ठेवा, जवळपासच चालवा, रात्री नको, असं सांगितलं होतं. बहीण पुण्याहून फोनवर म्हणायची, चावी लपव. मी म्हणायचो, तू ये आणि लपव. ज्या माणसाने मला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, त्याच्याकडून चावी मागायची म्हणजे काय, हे फोनवर कळत नाही. शेवटी २०१६च्या पावसाळ्यात एका दुपारी ते बाजारातून आले आणि चावी खुंटीला अडकवायच्या ऐवजी माझ्या टेबलावर ठेवली. एक पोर सायकल घेऊन आडवं आलं होतं. काही झालं नाही. गाडी वेळेत थांबली होती, पण पाय उचलून ब्रेकवर न्यायला जेवढा वेळ लागला तो त्यांनी मोजला होता. "उशीर झाला," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते डाव्या सीटवर बसू लागले. आई मागे गेली, पेटीशेजारी.

माझ्या चालवण्यात त्यांना सतरा चुका दिसायच्या. गिअर उशिरा टाकतोस, इंजिन दमतं. चढावर क्लचवर पाय नको. आणि सवयीने त्यांचा उजवा हात कधी कधी दांड्याकडे यायचा, माझ्या हाताखाली सापडायचा. मग आम्ही दोघं थोडा वेळ काही बोलत नसू.

बाबा २०२१ मध्ये गेले. कंपवाताने नव्हे, त्या वर्षी खूप जण गेले तसे. पेटी बहिणीची मुलगी वाजवते, पुण्यात. गाडी माझ्याकडे आहे. २०१९ला एकदा नोंदणी वाढवली, २०२४ला पुन्हा. त्या खेपेला पाच हजार रुपये शुल्क भरलं, तेव्हा खिडकीतल्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं. गाडीची किंमत त्याहून फार वर नसेल असं त्याला वाटलं असावं, आणि तो फारसा चुकत नव्हता. भंगारवाला दर वर्षी चवथीच्या आधी विचारून जातो. आई त्याला चहा देते आणि नाही म्हणते.

गेल्या महिन्यात बाणस्तारीला रांगेत उभा होतो. रिकाम्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली थरथरत होती, आणि निघताना खालून 'धप्' आलं. दहा-अकरा वर्षं झाली, रबराने आपलं काम केलं. गॅरेजवाल्याकडे नेली. आंबा पडला आहे, पत्र्यांच्या जागी आता पक्की शेड आहे, कंप्युटर लावून नव्या गाड्या तपासणारे दोन पोरगे आहेत. आमची गाडी मात्र त्याने स्वतःच घेतली. मागचं माउंटिंग गेलंय, म्हणाला, बाजूची दोन्हीही बसली आहेत, तिन्ही बदलू. कंपनीची मिळतात का ते फोंड्याला आणि म्हापशाला विचारून ठेवलंय. मिळाली तर बुधवारी गाडी घेऊन जायची आहे. जॅकखाली लावायचा फणसाचा ठोकळा त्याने शोधून ठेवला आहे, तोच, मधोमध थोडा चिरलेला. चालेल म्हणाला.